उल्हास नदी ठाणेकरांचीही आहे

संपादक महोदय,
उल्हास नदी वाचवायला धडपडणाऱ्या स्थानिक संस्थेची बातमी परवा तुमच्या पेपरात वाचली, बरं वाटलं, पण बातमीत हा प्रश्न फक्त बदलापूर-कल्याणवाल्यांचा असल्यासारखा मांडलाय ते पटलं नाही. शहाडला याच नदीतून पाणी उचललं जातं, टेमघरला शुद्ध होतं आणि स्टेम या पाणीपुरवठा कंपनीमार्फत ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला येतं, म्हणजे आपल्यातले कितीतरी जण रोज उल्हासचंच पाणी पितात. (आपल्या नळाला पाणी कुठून येतं हे सोसायटीत विचारून बघा, निम्मे लोक डोकं खाजवतील!)

संस्थेचे कार्यकर्ते जलपर्णी काढतात, कोर्टकचेऱ्या करतात, पण सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हेच जलपर्णीचं खत, त्यामुळे वरच्या गावांतले, गृहसंकुलांचे नाले प्रक्रिया न होता नदीत येत राहिले तर काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत परत पसरणारच. उन्हाळ्यात तर नदीला स्वतःचं पाणी फारसं नसतंच, भिवपुरीच्या वीजकेंद्रातून आणि बारवी धरणातून सोडलेल्या पाण्यावर भागतं, मग त्यात घाण मिसळली की ती पातळ व्हायला जागा कुठेय?

म्हणून जेवढं पाणी उचलता त्या प्रमाणात ठाण्यासकट सगळ्या महापालिकांनी वरच्या भागातल्या सांडपाणी प्रकल्पांसाठी पैसे द्यावेत, सगळा भार बदलापूर नगरपालिकेवर आणि चार कार्यकर्त्यांवर टाकू नये. येत्या बजेटमध्ये ठाणे महापालिका यासाठी स्वतंत्र तरतूद करणार का, हे तुमच्या वार्ताहरांनी एकदा विचारावं.

- एक वाचक, ठाणे (प.)