पित्ताची डोकेदुखी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याला धाडावे काय, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे, की आधी रुग्णाला पोटभर बोलू द्यावे, मात्र त्याने आणलेले निदान तसेच्या तसे स्वीकारू नये.

आपल्याकडे 'पित्ताने डोके उठते' अशी तक्रार रोजच असते. उलटी झाली की उतार पडतो, म्हणून दोष पित्ताला जातो आणि आपणही आम्लपित्ताची गोळी लिहून मोकळे होतो. अशा बाईंना विचार, की दुखणे किती तास टिकते, ठसठसते काय, एकाच बाजूला असते काय, जिना चढल्यावर वाढते काय आणि त्या वेळी अंधाऱ्या खोलीत निजावेसे वाटते काय. उपचाराविना ४ ते ७२ तास चालणारे, मळमळीसह किंवा उजेड व आवाज दोन्ही असह्य करणारे असे झटके निदान पाचदा येऊन गेले असतील आणि तपासणीत वावगे काही नसेल, तर ती बहुधा अर्धशिशीच. तिला स्कॅन लागत नाही. डोके दोन्हीकडून दुखते एवढ्यावरून अर्धशिशी नाकारू नकोस.

गोळ्यांचा हिशेब मात्र नेटाने घे. एका शिक्षिकेला मी कित्येक महिने औषधे बदलून देत राहिलो. त्या दुकानातून मिश्र वेदनाशामकाची गोळी आणून जवळजवळ रोज घेत होत्या, हे मी विचारलेच नव्हते, कारण 'लागली तर घेते' या उत्तरावर माझे समाधान झाले होते. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १० दिवस मिश्र गोळी किंवा १५ दिवस साधे पॅरासिटामॉल घेतले गेले, तर औषधच दुखणे टिकवून धरू शकते. म्हणून महिन्याला किती पाकिटे संपतात, असेच विचारावे.

काही वेळा मात्र क्षणाचाही विलंब नको. मिनिटाभरात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. तिथे सीटी पहिल्या सहा तासांत सर्वाधिक विश्वासार्ह असते. ताप व मान ताठणे, बाळंतपणानंतरचे नवे दुखणे, हातापायातली कमजोरी यांतही विलंब नको. खणात पडलेला ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायचे उपकरण, बाहेर काढ. डोक्यातला दाब वाढल्याने दृष्टीच्या मज्जातंतूच्या टोकाशी येणारी सूज पाहायला जिल्ह्याला जावे लागत नाही. (माझाही वर्षभर खणातच होता, हे कबूल करतो.)

फोनवर सांगितलेल्या त्या सत्तरीच्या आजींची कानशिले दुखतात आणि घास चावताना जबडा भरून येतो, एवढ्यावरून कानशिलाच्या धमनीचा दाह ओळखून, ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या अहवालाची वाट न पाहता तू स्टिरॉइड सुरू केलेस, ते उत्तम केलेस. उशीर झाला असता तर दृष्टी जाऊ शकली असती. उपचार सुरू झाल्यावरही एक-दोन आठवडे धमनीची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) उपयोगी ठरते, तेव्हा त्यांना या आठवड्यातच पाठव आणि अहवाल आला की कळव.

तुझा स्नेही