वर्षभरानं त्या घरी कोण जातं?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता सोलापुरातच असतो. पेपरला सहसा लिहीत नाही पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत "पाकिस्तानचा एकदाचा निकाल लावून टाका" सुरू झालंय म्हणून बसलो लिहायला. हा निकाल मी भरती झाल्यापासून ऐकतोय, लागत काही नाही.

पहलगामला 26 माणसं मारली तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं, उत्तर द्यायला नको होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण 2025 च्या मे मधे 7 ते 10 तारखेपर्यंत आपल्या सात रस्त्याच्या टपऱ्यांवर काय माहोल होता बघितलाच असेल तुम्ही, मॅच लागल्यासारखा. चॅनलवाल्यांनी कराची बंदर उडवलं (उडालंच नव्हतं ते!) आणि इकडं पोरं शिट्ट्या मारतायत, आणि त्याच वेळी पूंछमधे घरांवर तोफगोळे पडत होते, लेकरं गेली तिथं, ती बातमी खालच्या पट्टीत सरकून गेली.

आणि युद्ध न होता पण माणसं मरतात हे किती जणांना माहितीय? 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि आम्हाला बॉर्डरवर नेऊन लावलं, ऑपरेशन पराक्रम. दहा महिने पडून होतो. लढाई एक नाही, तरी शेकडो जवान गेले, त्यातले बरेच सुरुंग पेरताना आणि नंतर तेच सुरुंग काढताना. राजस्थानात वाळू सरकते तसा सुरुंग पण सरकतो, नकाशावर एकीकडं आणि प्रत्यक्षात भलतीकडंच.

जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करायला बोर्ड बसतो, त्यात मी एकदा होतो. काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या पेंटनं नंबर आणि नाव. कुलूप तोडायचं, एकेक वस्तू मोठ्यानं सांगायची आणि क्लार्क लिहून घेणार. रेझर एक. बनियन तीन. इनलँड पत्रं, त्यातलं एक अर्धवट लिहिलेलं. पोरगा आपल्याच जिल्ह्यातला, बार्शीकडचा, त्यामुळं तळाला शेंगाच्या चटणीची पिशवी निघाली. क्लार्क म्हणाला खायची वस्तू यादीत घेत नाही, मग बाजूला काढली. पुढं ती कुणी खाल्ली का फेकली मी विचारलं नाही.

कारगिलपासून निदान बॉडी घरी येते, 1971 ला बहुतेक घरांत तारच यायची. कारगिलला 527 गेले, त्यांच्यासाठी 26 जुलैला कार्यक्रम होतात, व्हायलाच पाहिजेत. पण जखमी 1300 च्या वर होते साहेब, त्यांचं कोण काय करतं? पाय गेलेला माणूस तेव्हा पंचविशीत होता, आता पन्नाशी ओलांडली त्यानं.

आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस बघा. 1938 ला चीनला गेले, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला, 1942 ला तिथंच वारले, वय फक्त 32. त्याच चीनशी पुढं 1962 ला आपलं युद्ध झालं. 2020 ला गलवानमधे 20 जण गेले. मधल्या काळात त्यांचे पंतप्रधान येऊन कोटणीसांच्या घरच्यांना भेटले, फोटो काढले, सगळं झालं. कोण कुणाचा दुश्मन हे दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलतं, मरणारी पोरं मात्र बार्शी, माढा, सांगोल्याकडचीच. राग पण येत नाही आता, नुसता कंटाळा येतो.

आता तुमच्याकडं मागणं. अंत्ययात्रेचा फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापता, पालकमंत्री येतात, चौकात बॅनर लागतात, कमानीची घोषणा होते. वर्षभरानं एक बातमीदार परत त्या घरी पाठवा की. पेन्शनचे कागद कुठं अडकलेत, आलेल्या पैशावरून दीर आणि सासू त्या पोरीशी कसं वागतायत, म्हाताऱ्या आईबापाला काय मिळतं, जाहीर केलेली नोकरी मिळाली का, ते सगळं छापा, आणि पहिल्याच पानावर छापा. ते वाचून ग्रुपवरच्या दोघा-तिघांचा जरी आवाज खाली आला तरी मला पुरे. घरं शोधायला त्रास पडणार नाही, वीरपत्नींच्या मेळाव्यातून मला बऱ्याच जणी माहिती आहेत, त्यांना विचारून मी घेऊन जातो तुमच्या माणसाला, मोटरसायकल माझी.

– एक निवृत्त हवालदार, सोलापूर