‘खबरदारी म्हणून’ पाठवलेला मेसेज

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल घरच्या ग्रुपवर तू टाकलेला मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज वाचला. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण खबरदारी म्हणून पाठवतेय,’ असं तू वर लिहिलंयस. मला धास्ती वाटली ती याच वाक्याची.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्या भागात आधीपासून मोबाईलवर हेच फिरत होतं, टोळी आलीय म्हणून. कुणाला तरी संशय आला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. त्या जमावात आपल्या पोराच्या काळजीने घाबरलेले आईबापही असतील. मला जास्त भीती वाटते ती त्यामुळेच.

तेव्हा एक क्लिपही फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलांतलं एक पोर उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीतली, पालकांनी सावध राहावं म्हणून एका संस्थेने केलेली. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पाटी धरून दाखवतात. नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला आणि उरलेली क्लिप गावोगाव पुरावा म्हणून फिरली.

आता तुझा मेसेज पुन्हा उघड. ‘पोलिसांनी कळवलंय’, पण ठाणं कुठलं? ‘कालच घडलं’, पण हा काल कुठल्या तारखेचा? टीव्हीवर दाखवलं म्हणशील, तर २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचंही वाहिन्यांनी सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेने नोटेची जी वैशिष्ट्यं जाहीर केली होती, त्यांत चिप नव्हतीच.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलैत, व्हॉट्सॲपने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पण घर, सोसायटी, शाळा, ऑफिस, माहेर झाली की पाच. गावभर व्हायला तेवढी पुरतात.

मेसेज नुसता डिलीट करू नकोस. याला काही आधार नाही, पुढे पाठवू नका, असं ग्रुपवर स्पष्ट लिही. आत्याने तो त्यांच्या सोसायटीत टाकलाय, त्यांना आजच फोन कर. त्या चिडल्या तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
आई