मागच्या सीटवरचं हेल्मेट

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, "मंडईपर्यंतच तर जातो, वेग कधी 30च्या वर नसतो," हे तुमचं म्हणणं खरं. पण पडणारं डोकं स्कूटरच्या उंचीवरून डांबरावर आपटतं, आणि कवटी फुटायला तेवढं पुरतं.

अपघातातला माणूस कुठे होता, हे जखमांवरून बरंचसं कळतं. चालणाऱ्याला बंपर आधी नडगीवर लागतो, मग मांडी आणि कंबर बॉनेटवर, शेवटी डोकं काचेवर नाहीतर रस्त्यावर. स्कूटर चालवणाऱ्याची नडगी मोडते, पडताना हात टेकला की मनगट जातं. मागे एका बाजूला बसलेल्या बाईला मात्र पुढचा खड्डा दिसत नाही, धरायला हॅन्डल नाही. धक्क्यासरशी ती उलटी मागे पडते, हात टेकायलाही वेळ मिळत नाही. आई, हेल्मेटची जास्त गरज तुला आहे. कायद्यानेही ते दोघांना लागतंच. पदर खोचून बस. चाकात गेला तर तो तुला घेऊनच खाली जाईल.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा क्रमांक बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोनच बोटं जावीत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. वरून धड दिसतं, पण आतलं थर्माकोल चेपलेलं असतं, पुढचा मार ते झेलत नाही.

आता बाबांची रक्त पातळ करायची गोळी. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्याच्या नि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी फुटते आणि रक्त हळूहळू साचत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी चालताना झोक जातो, बोलणं अडखळतं, हातातली कपबशी सुटते. आणि घरचे म्हणतात, वय झालं! म्हणून डोकं आपटलं तर टेंगूळ नसलं तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन करा, गोळीचं नाव डॉक्टरांना आधी सांगा. गोळी मनाने बंद करायची नाही.

कारमध्ये मागे बसलात तरी पट्टा लावा. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा वळ दिसला तर आतडं फाटलेलं असू शकतं. पहिली सोनोग्राफी चांगली आली तरी लगेच घरी येऊ नका.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर 108ला फोन करा. पाणी पाजू नका, हात धरून उठवून बसवू नका. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत एक-दीड लिटर रक्त जातं, बाहेर थेंबही दिसत नाही. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत, 2019च्या दुरुस्तीनंतर तसा कायदाच आहे.

बाबा, हेल्मेट घ्यायला आईला सोबत न्या. तिच्या अंबाड्यामुळे ते डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून केस खाली मानेवर बांधूनच घालून बघायला सांगा.

तुमची,
ताई