बाळ हवंय म्हटलं की पेनला टोपण

संपादक महोदय,

एचआयव्हीवरचा तुमचा परवाचा लेख वाचला, माहिती चांगली होती, पण त्यात बाई दिसली ती एकतर पेशंट म्हणून नाहीतर बाळाला लागण देणारी म्हणून. तिला स्वतःला मूल हवं असेल का, हे कुठेच नाही. मी 9 वर्षं गोळ्या घेतेय म्हणून लिहावंसं वाटलं.

तपासणीला गेलं की दर वेळी तेच, गोळ्या चुकल्या का, कंडोम वापरता का. एकदा धीर करून मी म्हटलं, "मॅडम, आम्हाला बाळ हवंय." त्यांनी लिहिता लिहिता पेनला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता कशाला? आधी तब्येत सांभाळा." तेव्हा 2 वर्षं माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, डिटेक्टच होत नव्हता, रिपोर्ट त्यांच्याच पुढ्यात पडलेला! त्यानंतर मी तिथे तो विषय काढलाच नाही. अशा गप्प बसणाऱ्या खूप जणी असतात, मग त्या कोणाला न सांगता चान्स घेतात, चौथ्या महिन्यात पोट घेऊन येतात आणि वर बोलणी खातात.

खरं तर विचारायची वेळ गर्भ राहायच्या आधीची आहे. काहीच उपचार नसले तर पोटात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून मिळून बाळाला लागण व्हायचं प्रमाण 15 ते 45 टक्के, उपचार नीट चालू असले तर 5 च्या खाली, आणि आधीपासूनच गोळ्या चालू असून बाळंत होईपर्यंत लोड दबलेला राहिला तर 1 टक्क्याच्याही आत. नवऱ्याची काळजी म्हणाल तर 2016 साली पार्टनर नावाच्या अभ्यासाचे आकडे आले, त्यात लोड दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण झाल्याची एकही केस नव्हती, आणि ही सगळी कंडोम न वापरणारी जोडपी होती बरं का.

2018 मध्ये डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या गोळीने बाळाच्या मणक्यात दोष येतो की काय अशी शंका बोत्सवानातल्या आकड्यांवरून निघाली, तर कित्येक ठिकाणी बायकांना सरळ सांगितलं, पाळणा लांबवायचं साधन वापरा नाहीतर जुनी गोळी घ्या. पुढे आकडे वाढले तशी ती शंका मिटली, पण तोवर निर्णय परस्पर झालेले. नामिबियात तर नीट संमती न घेता नसबंदी केली म्हणून एचआयव्ही असलेल्या बायका कोर्टात गेल्या आणि 2014 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या.

मला नंतर दुसऱ्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून विचारलं, "मूल हवंय का? कधी?" मला रडूच आलं. मुलीला लागण होऊ नये म्हणून 6 आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध पाजलं, दीड महिन्याची असताना पीसीआर, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी टेस्ट, झाली, मग 18 महिन्यांची शेवटची टेस्ट, सगळं निगेटिव्ह. तो एक प्रश्न प्रत्येकीच्या केसपेपरवर छापलेलाच असावा एवढंच म्हणणं आहे.

पत्र छापलंत तर नाव घालू नका, शेजारी तुमचाच पेपर येतो.

– एक आई