क्षमेची घाई कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दंगल किंवा हत्याकांडानंतर ‘झालं गेलं विसरा, पुढे चला’ असं जो सर्वात आधी म्हणतो, त्याचं स्वतःचं बहुधा काहीच गेलेलं नसतं. समेटाच्या एका बैठकीला मी हजर होतो. एक म्हातारी बोलायला उभी राहिली, दोन वाक्यंही झाली नसतील तोच पुढाऱ्यांनी हात जोडून तिला बसवलं. ‘आता जुनं उकरायचं नाही, आजी.’ मग हस्तांदोलन, फोटो, चहा. ती कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला काय सांगायचं होतं, ते आजही मला ठाऊक नाही.

वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांचा शोध घेणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाने निदान हे तरी ओळखलं होतं, की आधी ऐकायचं असतं. एप्रिल १९९६ मध्ये तिथल्याच ईस्ट लंडन शहरात पहिली सुनावणी झाली. साक्ष ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. दुभाष्ये ‘तो म्हणतो’ असं न सांगता ‘मला मारलं’, ‘माझा मुलगा गेला’ असं प्रथमपुरुषातच बोलत, त्यामुळे ऐकलेलं त्यांच्याही अंगावर येई. सुरुवातीलाच, छळाने चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या एका माणसाची साक्ष चालू असताना अध्यक्ष डेस्मंड टुटू टेबलावर डोकं टेकून रडले. कॅमेरे लगेच त्यांच्याकडे वळले. ज्याचं दुःख त्याच्यावरून लक्ष आपल्यावर येतं, हे त्यांना खटकलं आणि पुढे भर सुनावणीत रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढारीपण म्हणतात ते मला इथे दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. तिथे खटल्यातून आणि शिक्षेतून माफीसाठी अर्ज करणाऱ्याने ‘मी चुकलो’ म्हणण्याची कायद्याने सक्तीच नव्हती. गुन्हा राजकीय हेतूने केलेला हवा आणि खरं सगळं सांगायला हवं, एवढंच. सात हजारांहून जास्त अर्ज आले, त्यातले बहुतेक फेटाळले गेले. ज्यांना सरकारी माफी मिळाली, त्यांना मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनीही मनाने क्षमा करावी, असं कायदा म्हणत नव्हता आणि म्हणूही शकत नाही. काहींनी केली, काहींनी शेवटपर्यंत केली नाही. दोघांचंही मला पटतं.

भरपाईत मात्र हात आखडला. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यावी असं सुचवलं होतं, सरकारने २००३ मध्ये प्रत्येक पीडिताला एकदाच ३० हजार रँड देऊन विषय मिटवला. बोलून झालं आणि पदरात एवढंच पडलं, तर माणूस पुन्हा कशाला तोंड उघडेल?

आपल्याला एकच विनंती. अशा बैठकीची बातमी छापाल तेव्हा व्यासपीठावरच्यांचा फोटो नसला तरी चालेल. खाली बसून कोण बोललं आणि किती वेळ बोलू दिलं, तेवढं अवश्य लिहा.

आपला,
एक नियमित वाचक