काका, माझं सैन्य काय खातं ते सापडलं!

काका, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, तरी इथंच लिहायलोय, नातू वाचून दाखवेल.

पाच राज्यं, समुद्राकडनं धुक्यात येणारं अनोळखी सैन्य, कोण कुठले कुणालाच माहिती नाही, अशी माझी फँटसी कादंबरी. परभणीत बसून असलं लिहायलोय म्हटल्यावर निम्मे हसले, बाकीच्यांनी एमपीएससीचं काय झालं विचारलं. तुम्ही लायब्ररीच्या काउंटरवर चष्मा कपाळावर सरकवून अख्खं बाड वाचलं आणि एवढंच म्हणालात, "सगळं ठीकंय बाबा, पण ही फौज खायलीय काय?"

जादू नाही, तलवारी नाही, डायरेक्ट भाकरीचं विचारलं!

मग देवगिरी सुरू झाला तुमचा. 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी अचानक धडकला, राजाचा पोरगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर, गडावर यादवांचा राजा रामदेवराय आणि धान्याची बोंब. व्यापाऱ्यांनी खाली टाकलेल्या गोण्या धान्याच्या समजून घाईत वर चढवल्या आणि वेढा पडल्यावर सोडल्या तर आत मीठ, असं सांगतात. वर मागून अजून मोठी फौज येतेय अशी आवई. तुम्ही हे सांगताना टेबलावरचं रजिस्टर गोणीसारखं उचलून दाखवलं होतं, आठवतंय का?

त्या रात्री झोप कसली. माझं सैन्य खातच नाही, हेच खरं रहस्य केलं मी. गावं ओस पडतात पण पेवं भरलेलीच, कुणी मूठभर ज्वारीला हात लावत नाही, आणि हे कळायच्या आत राजे शत्रूची रसद तोडायची म्हणून आपलीच पेवं पेटवून बसतात. आता लोक मरतात ते उपासानं. लई भारी जमलंय, माझं मीच म्हणतो.

अजून एक. 1311 ला खिलजीचा सेनापती मलिक काफूर कर्नाटकातल्या होयसळ राजांवर चालून गेला तेव्हा त्याला रसद देवगिरीनंच पुरवली, हे तुम्ही जाता जाता बोललात आणि चहा आणायला गेलात. मला तिथंच माझा फितूर राजा मिळाला. पण तो नुसता व्हिलन नाही ठेवला, एकदा लुटला गेलेला माणूस पुन्हा कशाला नडेल, हे तुमचंच म्हणणं त्याच्या तोंडी घातलंय.

मनापासून थँक्यू काका. राण्यांची नावं जिभेवर बसत नाहीत म्हणालात, तीपण बदलली. नवीन प्रकरणांची प्रिंट मोठ्या अक्षरात काढलीय, सोमवारी काउंटरवर आणून देतो. लाल पेन तयार ठेवा.